मोझरी ते मेळघाटचा पायथा

आश्विन वद्य पंचमी जवळ आली म्हणजे वऱ्हाडांतील खेड्यापाड्यांच्या वाटा मोझरीकडे वळूं लागतात. अमरावतीहून नागपूरच्या रस्त्यानें निघालें असतां सुमारें ३५ किलोमीटरांवर, तिवसा तालुक्यांत, हमरस्त्याला लागूनच गुरुकुंज आश्रम आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं १९३५ सालीं हें स्थान वसविलें आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजीं येथेंच देह ठेविला. सेवानिवृत्त झाल्यापासून पुण्यतिथीच्या निमित्तानें तीन-चार दिवस गुरुकुंजांत राहावें असा माझा परिपाठ आहे. त्याप्रमाणें २०२३ सालींहि गेलों होतों. त्या मुक्कामांत एक गोष्ट घडली आणि तिच्यामागून मला मेळघाटच्या पायथ्यापर्यंत जावें लागलें. प्रवास अंतरानें कांहीं मोठा नव्हे. पण त्याची हकीकत वाचकांस सांगावी असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

प्रथम मोझरीविषयीं. ज्यांनीं हें स्थान पाहिलें नसेल त्यांनीं गोपुरें, नवसाच्या घंटा, पुजाऱ्यांची लगबग असें कांहीं मनांत आणूं नये. पहांटे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळीं सामुदायिक प्रार्थना हा येथील नित्यक्रम. प्रार्थनेस लोक सरळ रांगांनीं बसतात. शेजारीं बसलेला सावकार आहे कीं सालदार, याची चौकशी कोणी करीत नाहीं. आवार स्वच्छ झाडलेलें, पायताणें ओळींत लावलेलीं. (शिक्षकाच्या डोळ्यांना ती ओळ पाहूनच अर्धें समाधान होतें, हें कबूल केलें पाहिजे.) पुण्यतिथीच्या दिवशीं दुपारीं ४ वाजून ५८ मिनिटांनीं, महाराजांच्या निर्वाणसमयीं, सारा जनसमुदाय मौन पाळतो. एवढ्या अफाट गर्दींत मग एखाद्या तान्ह्या मुलाचें रडणें तेवढें ऐकूं येतें. आसपासचा मुलूख काळ्या कसदार जमिनीचा, कपाशीचा आणि तुरीचा. उत्तरेस मोर्शी-वरूडकडे संत्र्यांच्या बागा. याच तालुक्यांत वर्धा नदीच्या कांठीं कौंडिण्यपूर आहे, रुक्मिणीचें माहेर म्हणून सर्वश्रुत असलेलें. आपलें माहेर स्वेच्छेनें सोडणारी ती विदर्भकन्या. स्वेच्छा हा शब्द या लेखांत पुढें पुन्हां येणार आहे.

गुरुकुंजांत जिकडे तिकडे कानांवर पडते ती ग्रामगीता. १९५५ सालच्या या ओवीबद्ध ग्रंथाचा विषय गांव हाच आहे. गांव हेंच दैवत, आणि त्याची सेवा हीच पूजा. पुण्यतिथीच्या आदल्या रात्रीं एक वक्ते याच विषयावर फार रसाळ बोलत होते. मी मंडपाच्या कडेला बसलों होतों. बांबूंस दोर आवळीत असलेला एक तिशींतला तरुण खालीं उतरला आणि माझ्या पायांपाशीं वांकला.

“गुरुजी, मले ओळखलं काय?”

मीं ओळखलें नाहीं. त्यानें आपलें नांव सांगितलें, बापाचें सांगितलें, गांवाचें सांगितलें, आणि मग हंसत म्हणाला, “माहा जल्म एक जुलैचा, गुरुजी.”

त्याच्या स्वरांत तक्रार नव्हती. शाळेंतली जुनी ओळख पटावी एवढ्याचसाठीं तो तें बोलला असावा. परंतु त्या वाक्यानें माझी त्या रात्रींची झोंप गेली. कां गेली, हें सांगावयाचें तर मागें जावें लागेल.

मेळघाट म्हणजे अमरावती जिल्ह्याचा सातपुड्यांतील भाग, चिखलदरा व धारणी हे दोन तालुके. परतवाड्याहून घाट चढूं लागलें कीं काळी सपाटी खालीं राहते आणि सागाचें जंगल सुरू होतें. भीमानें कीचकाचा वध चिखलदऱ्यास केला अशी तिकडील आख्यायिका आहे. जवळचें १,१७८ मीटर उंचीचें वैराट शिखर विराट राजाच्या नांवाचें. या डोंगरांतील मुख्य रहिवासी कोरकू. त्यांची भाषा मराठीच्या कुळांतली नव्हे, गोंडीच्याहि नव्हे. ती मुंडा कुळांतली, संताळीची दूरची बहीण. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. तेव्हां कोरकू या शब्दाचा अर्थ नुसता ‘माणसें’ एवढाच होतो.

१९९८ पासून कांहीं वर्षें मी तेथील एका जंगलांतल्या गांवीं प्राथमिक शिक्षक होतों. संस्कृत शिकलेल्या मनुष्यास त्या भाषेनें एक अनपेक्षित आनंद दिला. तिच्यांत द्विवचन आहे! देवः देवौ देवाः हें घोकतांना आमचे सवंगडी रडकुंडीस येत, आणि मराठीनें तर तें ओझें केव्हांच टाकून दिलें. येथें नाक पुसणारें पांच वर्षांचें पोर दोन बैलांना एक रूप आणि तीन बैलांना दुसरें रूप न चुकतां लावीत होतें. दुसरी गोष्ट ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची. ऐकणाऱ्याला धरून बोलणें आणि त्याला वगळून बोलणें हा भेद जसा मराठींत आहे तसाच कोरकूंतहि आहे. ही गोष्ट मला पुढें भोवली.

गांवाची रचना मोठी सुरेख असे. मधून एक रुंद रस्ता, दोन्ही बाजूंस समोरासमोर दारें असलेल्या घरांच्या दोन रांगा. कोणाच्या चुलींतून धूर निघाला नाहीं हें समोरच्या घरास आपोआप कळावें. गांवाचा देव मुठवा. मृतांच्या स्मरणार्थ सागाच्या लांकडाच्या फळ्या कोरून उभ्या करतात, त्यांना मुंडा म्हणतात. त्यांवर चंद्र, सूर्य आणि घोडेस्वार कोरलेला असतो. होळीला मेघनाथाचा खांब. पोटापुरता शेतीचा तुकडा, आणि उरलेलें सर्व, म्हणजे मोहाचीं फुलें, चारोळी, तेंदू, डिंक, हें जंगलाचें. दारिद्र्य होतें, फार होतें. पावसाळ्यांत रस्ते बंद पडत, आणि बाळंतिणीस दवाखान्यापर्यंत नेतां नेतां वाटेंतच सर्व आटोपे. जंगलांतल्या जीवनाचें गोडवे गाणाऱ्यांनीं एक आषाढ तेथें काढावा.

आतां सरकारी बाजू. देशांत व्याघ्र-प्रकल्पाचीं पहिलीं नऊ क्षेत्रें निवडलीं गेलीं त्यांत मेळघाट होतें. हें १९७३-७४ सालचें. पुढें १९८५ सालीं अभयारण्य, १९८७ सालीं गुगामल राष्ट्रीय उद्यान, डिसेंबर २००७ मध्यें वाघांचा अतिसंरक्षित अधिवास, अशीं एकामागून एक नांवें त्याच जमिनीस मिळत गेलीं, आणि प्रत्येक नांवाबरोबर आंत राहणाऱ्यांचें अंगण थोडें थोडें आखूड झालें. नव्या शतकाच्या आरंभीं बोरी, कोहा आणि कुंड हीं गांवें उठलीं व अकोला जिल्ह्याच्या अकोट तालुक्यांत गेलीं. तेव्हां कुटुंबामागें मदत होती १ लाख रुपयांची. २००८ सालीं ती १० लाख झाली, २०२१ सालीं १५ लाख. कुटुंबापुढें मार्ग दोन ठेविले होते. पहिला, सर्व रक्कम रोख घ्यावी व आपली व्यवस्था आपण करावी. दुसरा, वन खात्यानें त्याच १० लाखांत वसाहत उभारून द्यावी. त्यांतले ३५ टक्के २ हेक्टर शेतजमीन मिळवून ती सुधारण्यासाठीं, ३० टक्के जुने हक्क मिटविण्यासाठीं, २० टक्के घरासाठीं, १० टक्के रस्ते, पाणी, दिवे, देऊळ, स्मशान यांसाठीं, आणि ५ टक्के प्रोत्साहन म्हणून. देवळाला आणि स्मशानाला त्यांत वाटा आहे, हें वाचून मला त्या वेळीं खरोखरच कौतुक वाटलें होतें.

शिवाय कायदा स्वतः स्पष्ट आहे. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें असें ठरविलें कीं, ग्रामसभेची मोकळेपणानें दिलेली, समजून-उमजून दिलेली संमति असल्यावांचून असें स्थलांतर होऊं नये, आणि नव्या जागीं जमीन व सोयी पूर्ण होईपर्यंत कोणासहि हलवूं नये. कागद म्हणून पाहतां व्यवस्थेंत खोट काढणें कठीण. वाघाची बाजूहि खोटी नव्हे. वैराट, चुर्णी, पस्तलाई हीं गांवें उठल्यावर त्यांच्या शेतांचीं कुरणें झालीं, तेथें हरणें आलीं आणि हरणांमागून वाघ आला. वन खात्यांतील माणसें हें अभिमानानें सांगतात, आणि तो अभिमान अस्थानीं आहे असें मी म्हणणार नाहीं. रात्रीं-अपरात्रीं हातांत काठी घेऊन त्या जंगलांत फिरणारा वनरक्षकहि गरिबाचाच मुलगा असतो.

तरी ‘पुनर्वसन’ हा शब्द मला नेहमीं थोडा खटकतो. संस्कृतांत वस् धातु दोन आहेत: एक राहणें या अर्थाचा, दुसरा पांघरणें या अर्थाचा. ‘वसन’ शब्द दोहोंपासून होतो. राहणें तेंहि वसन आणि वस्त्र तेंहि वसन. कचेरीला बहुधा दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. जुनें वस्त्र काढून घेतलें, नवें दिलें, पावती घेतली, मामला मिटला.

२०११ च्या हिवाळ्यांत माझी बदली पायथ्याच्या शाळेवर होऊन बरीच वर्षें झालीं होतीं. तरी त्या जंगलांतल्या गांवचे लोक मला न्यावयास आले. सभा भरणार होती, कागद मराठींत होता, आणि साहेब लोक वाचतात तें भरभर वाचतात. गुरुजी सावकाश वाचतील, असा त्यांचा भरंवसा. मी गेलों. मुठव्याच्या ठाण्यासमोर बसून मीं तो कागद ओळीओळीनें वाचला. ‘आम्ही स्वखुशीनें हें गांव सोडण्यास तयार आहोंत’ असें एक वाक्य होतें. त्याचा अर्थ माझ्या मोडक्यातोडक्या कोरकूंत सांगतांना मजकडून ‘आम्ही’च्या ऐवजीं ऐकणाऱ्यास धरून असलेलें रूप गेलें. पुढच्या रांगेंतला एक म्हातारा ताबडतोब म्हणाला, “म्हणजे गुरुजीबी येते का आमच्यासंगं?”

सभेंत हंशा पिकला. मीहि हंसलों आणि रूप दुरुस्त केलें. पण तेवढ्यावर थांबलों नाहीं. मीं सल्लाहि दिला. खालीं दवाखाना आहे, पोरांना शाळा आहे, १० लाख रुपये तुमच्या सात पिढ्यांनीं पाहिले नाहींत. घ्या, असें मीं सांगितलें. तें मीं प्रामाणिकपणें सांगितलें. कोणी मला तसें बोलावयास लाविलें नव्हतें, हें येथें नमूद करतों. मग मी खालीं आलों आणि ते लोक तेथेंच राहिले, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत.

तो म्हातारा म्हणजे मोझरीच्या मंडपांत भेटलेल्या तरुणाचा बाप.

आतां ‘१ जुलै’ची गोष्ट. या योजनेंत कुटुंब कोणास म्हणावें याची व्याख्या आहे. नवरा, बायको आणि अज्ञान मुलें हें एक कुटुंब. पण १८ वर्षें पूर्ण झालेला मुलगा, लग्न झालेलें असो वा नसो, स्वतंत्र कुटुंब. अठरावर्षीय अविवाहित कन्याहि स्वतंत्र. विधवा, परित्यक्ता, अपंग, पोरकें मूल, हींहि स्वतंत्र. व्याख्या उदार आहे. परंतु त्यामुळें सर्व भार जन्मतारखेवर येऊन पडतो, आणि जंगलांतल्या गांवीं जन्मतारीख कोठून येते? ती शाळेच्या दाखल रजिस्टरांतून येते. तेथें ती कोण लिहितो? गुरुजी.

२००० सालीं मीं त्या वर्षीं शाळेंत घातलेल्या नऊ मुलांचे जन्म १ जुलै १९९४ या एकाच दिवशीं लावून टाकले. सहा वर्षें पूर्ण असलीं म्हणजे झालें. रकाना भरला पाहिजे, आणि वरून पाऊस लागून राहिलेला. एका लहानशा गांवांत एका दिवशीं नऊ बाळंतपणें! कोणाहि तपासनिसानें त्याबद्दल मला कधीं विचारलें नाहीं. असें करणारा मी एकटा नव्हतों. खेड्यांतील कित्येक वृद्धांचे जन्म १ जून किंवा १ जुलैला कसे झाले हें माझ्या पिढींतील शिक्षकांस चांगलें ठाऊक आहे. पण दुसऱ्यांनीं केलें म्हणून माझें अक्षर दुसऱ्याचें होत नाहीं.

२०१२ च्या आरंभीं गांवच्या कुटुंबांची यादी झाली. त्याचे दोन वडील भाऊ शाळेंत गेलेच नव्हते; त्यांचें वय अदमासानें धरलें, आणि त्यांना स्वतंत्र कुटुंब मिळालें. हा सातवी शिकलेला. याच्यापाशीं दाखला होता, आणि दाखल्यानें तो साडेसतरा वर्षांचा भरला. तो बापाच्या कुटुंबांत गेला. शिकल्याचें हें फळ.

माझी कन्या अमेरिकेंत असते. तिनें एकदां तिकडील नवाहो आणि होपी या आदिवासींविषयींचें एक पुस्तक पाठविलें होतें; मोझरीच्या त्या रात्रीं तें मला वारंवार आठवत राहिलें. ॲरिझोना प्रांतांत या दोन जमातींची सामाईक अशी सुमारें १८ लाख एकर जमीन होती. २२ डिसेंबर १९७४ च्या कायद्यानें ती दोघांत वांटली गेली. रेषेच्या चुकीच्या बाजूला ज्याचें घर असेल त्यानें उठावें, असें ठरलें. होपींपैकीं सुमारें शंभर माणसें उठलीं, नवाहोंपैकीं दहा हजारांवर. त्यासाठीं सरकारनें एक निराळें कार्यालय काढलें. १९८६ पर्यंत सर्व उरकावयाचें होतें. ती मुदत उलटून तीस वर्षें झालीं तरी तें कार्यालय चालूच होतें. नव्या घराचा हक्क कोणास, तर कायदा झाला त्या दिवशीं जो तेथें राहत होता आणि जो ‘कुटुंबप्रमुख’ होता त्यास. अविवाहित तरुणानें वर्षाला १,३०० डॉलर मिळवून आपलें पोट आपण भरत होतों हें सिद्ध करावयाचें. मेंढ्यांमागें हिंडणाऱ्या मुलापाशीं पगाराची चिठ्ठी कोठली? ते तंटे पुढें कित्येक वर्षें न्यायालयांत चालले. ज्यांना शहरांत घरें मिळालीं त्यांतले पुष्कळजण पूर्वीं कधीं घरपट्टी न भरलेले. कर्ज आणि कर यांत सांपडून त्यांचीं घरें गेलीं. तेवढें दूर तरी कशाला जावें? मोझरीच्या उत्तरेस सिंभोऱ्याजवळ ऊर्ध्व वर्धा धरण आहे. त्याच्या विस्थापितांपैकीं कांहींनीं त्याच २०२३ सालच्या ऑगस्टांत मुंबईस मंत्रालयाच्या संरक्षक जाळीवर उड्या टाकल्या. आधल्या पिढीचें गांव बुडालें, पुढची पिढी अद्याप हिशेब मागते आहे.

पुण्यतिथीचें मौन आटोपल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं त्या तरुणाला म्हटलें, “बाळ, तुझ्या घरीं येतों.” तो गोंधळला. मग म्हणाला, “चाला गुरुजी. माय हाये घरी.”

एस. टी.नें अमरावती, परतवाडा, अंजनगांव सुर्जी आणि अकोट असा मार्ग. परतवाड्यापर्यंत उजवीकडे निळसर डोंगर जवळ येत जातो आणि पुढें अकोटपर्यंत सोबत सोडीत नाहीं. अचलपूरची छोटी आगगाडी, शकुंतला, आतां बंद आहे. नाहींतर हा प्रवास तिनें मूर्तिजापूरपर्यंत करण्यांत मौज होती. अंजनगांवचे पानमळे एके काळीं प्रसिद्ध. आतां संत्री आणि केळी अधिक दिसतात. तरुण खिडकीशीं बसला होता. मीं त्याला वाटेंत आलेल्या प्रत्येक पिकाचें कोरकू नांव विचारलें. केळींच्या बागेला त्यानें मराठीच नांव सांगितलें.

वसाहत डोंगराच्या पायथ्याशीं आहे. तिचें नांव देत नाहीं. आंखून काढलेले रस्ते, एका मापाचीं घरें, विजेचे खांब. दारें समोरासमोर नाहींत; एका घराची पाठ दुसऱ्याच्या तोंडाला आलेली. ज्यांनीं रोख रक्कम घेतली त्यांनीं सोय मिळेल तेथें जागा घेतल्या, त्यामुळें एका गांवाचे लोक चार गांवांत वांटले गेले. बहुतेक पुरुष मजुरीला. कोणी जमीन घेतली, पण १० लाखांत या मुलखांत जमीन ती किती यावी? कोणी मोटारसायकल घेतली. दोन-तीन दारांत त्या गंजलेल्या उभ्या होत्या. कांहींचें बरें चाललेलें मीं पाहिलें, तें सांगितलें नाहीं तर अन्याय होईल. एकानें किराण्याचें दुकान थाटलें होतें, एकीची मुलगी परिचारिकेचें शिक्षण घेत होती आणि मला पाहून ती अस्खलित मराठींत बोलली. माझा सल्ला तिच्यापुरता खरा ठरला होता.

अमोना, नागरतास, बारूखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी या उठलेल्या गांवांतील पुष्कळ लोक पुढें पुन्हां डोंगरांत शिरले होते, हें वाचकांनीं वर्तमानपत्रांत वाचलें असेल. शेतजमीन मिळाली नाहीं, आजारपणें वाढलीं, माणसें दगावलीं, असें त्यांचें म्हणणें. जानेवारी २०१९ मध्यें आंत त्यांची आणि वन खात्याच्या व पोलिसांच्या माणसांची चकमक झाली. दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले. या वसाहतींतले कांहीं त्यांत होते कीं नाहीं हें मीं विचारलें नाहीं. श्रावणांतील तिसऱ्या सोमवारीं मात्र धारगडच्या महादेवाची यात्रा असते आणि त्या वेळीं जंगलाची वाट यात्रेकरूंसाठीं उघडते. हजारों लोक जातात. त्या गर्दींत मूळचे धारगडवालेहि असतात. आपल्याच गांवीं ते यात्रेकरू म्हणून जातात आणि वेळेवर परत फिरतात.

म्हातारा बाप सहा वर्षांपूर्वीं वारला होता. त्याच्या नांवाचा मुंडा कोरून तयार होता. घराच्या भिंतीशीं टेकवून ठेविलेला मीं पाहिला. चंद्र, सूर्य, घोडा, सर्व कांहीं होतें. तो उभा करावयाचा तो वाडवडिलांच्या मुंड्यांशेजारीं, आणि ते तर वर जंगलांत. “इथं नाई लावत,” तरुण एवढेंच म्हणाला. स्मशानासाठीं योजनेंत तरतूद होती, हें मला आठवलें.

मीं त्याच्या आईला विचारलें, “बाई, हा केव्हां जन्मला?” हा प्रश्न मीं २००० सालीं विचारावयास हवा होता. ती तेव्हां पाटीपेन्सिलीसाठीं मुलाला घेऊन शाळेच्या दारांतच उभी होती.

तिला विचार करावा लागला नाहीं. मुलगा भाषांतर करीत गेला. मेघनाथ होऊन गेला होता, मोह पडत होता, ती टोपली घेऊन निघाली आणि झाडाखालींच कळा सुरू झाल्या. साल? साल तिला कोठलें ठाऊक असणार! पण त्याच पावसाळ्यांत, ती म्हणाली, पहिल्यांदाच साहेबांच्या इतक्या जीपा आल्या. पोरांना ते तराजूंत तोलून पाहत होते. हा तेव्हां मांडीवर होता, बसूं लागला नव्हता.

तें साल १९९३. मेळघाटांतील बालमृत्यूंच्या बातम्यांनीं त्या पावसाळ्यांत सारा महाराष्ट्र हादरला होता आणि मुंबईपासूनचे अधिकारी व पुढारी त्या चिखलांतून येऊन गेले होते. तेव्हां मुलाचा जन्म १९९३ च्या मार्च-एप्रिलांतला. यादी झाली त्या वेळीं त्याला १८ पूर्ण होऊन आठ-नऊ महिने लोटले होते. माझ्या लेखणीनें त्याचें सव्वा वर्ष खाल्लें, आणि त्या सव्वा वर्षाची किंमत १० लाख रुपये.

मीं हें त्याला स्वच्छ सांगितलें. त्याला तें माहीतच होतें. “तुमी काय जाणून केलं, गुरुजी,” तो म्हणाला, आणि आईनें चहा पुढें केला. चहा मला गिळवेना.

दुसऱ्या दिवशीं मुद्रांक घेऊन मीं प्रतिज्ञापत्र लिहिलें. अमुक गांवच्या शाळेंत मी शिक्षक असतांना दाखल रजिस्टरांतील अमुक क्रमांकाची जन्मतारीख मीं पालकांस न विचारतां केवळ अनुमानानें लिहिली. ती खरी नाहीं. वकिलानें दोनदां वाचलें आणि म्हणाले, “गुरुजी, ‘पालकांस न विचारतां’ हें काढून टाका, निवृत्तिवेतनाला उगीच धक्का लागेल.” मीं तें काढलें नाहीं. ‘अनुमानानें’ या शब्दाखालीं मात्र त्यांनीं रेघ ओढली. बाकीच्या आठ मुलांचीं नांवें मला सहा आठवलीं. तीं मीं खालीं लिहिलीं.

ज्या कचेरींत तो कागद द्यावयाचा तेथील कारकून सभ्य होते. यादी बंद होऊन अकरा वर्षें झालीं, असें त्यांनीं सांगितलें, तरी कागद घेतला आणि पोंच दिली. पोंचेवर अर्जदार म्हणून माझें नांव पडलें. मीं तें बदलून मुलाचें घालावयास सांगितलें. त्यांनीं विचारलें, “त्याची जन्मतारीख?” आणि मजकडे पाहत, लेखणी हातांत धरून, थांबले.